गुळाचा हात

गुऱ्हाळं सुरू झाली की मी बाजाराला लांबच्या रस्त्यानं जातो. चिखल असला तरी. वास आला की तोंडाला पाणी सुटतं आणि मग ते पाणी मला थुंकावं लागतं.

*

घोडा शिकवणाऱ्या माणसाला आमच्याकडे चाबूकस्वार म्हणतात. दुसरा शब्द नाही. मी शोधला.

*

मध्यंतरी पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. कुठल्याशा अंकात माझ्यावर लिहिणार होत्या. म्हणाल्या, "जनावरांवर इतकी माया तुमच्यात आली कुठून?" मी म्हणालो, "चहा घ्या, गार होतोय."

*

घोड्याच्या मुताला वास असतोच. भिऊन सोडलेल्या मुताचा वास निराळा. आंबट, तांब्याच्या भांड्यात ताक विसरल्यासारखा. माणसाच्याही.

*

आमच्या घरी पुरण साखरेचं करतात. बायकोच्या माहेरचे नावं ठेवतात.

*

"ये राजा. ये, ये."

*

इलाही मुलाणी शेवंतीला घेऊन माझ्या पागेत आला, तेव्हा मी एका तट्टाचा खूर मांडीवर घेऊन बसलो होतो. इलाही आमच्या भागात वरातीला घोडी द्यायचा. त्याची घोडी दारात आल्याशिवाय नवरदेव नवरदेव दिसत नाही, असं लोक म्हणत. माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा, दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि बोलणं असं की मयताच्या घरी गेला तरी कुणीतरी हसायचंच.

"दिनकर, ही बघ," तो म्हणाला. "बँडला भीत न्हाई. फटाक्याला भीत न्हाई. नवरदेव कितीबी जड असूं दे, कुरकूर न्हाई. बायकूपेक्षा गुणी हाय. पर चुचकारलं की मरती."

"मरती म्हंजे?"

"आता दावतो."

त्यानं दावं ढिलं सोडलं, दोन पावलं मागं सरला आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला. च्, च्, च्. सगळे काढतात तो. लेकराला, वासराला, कोंबडीलासुद्धा.

शेवंतीनं कान पुढे केले. मान लांबवली. झपाझप चालत इलाहीपाशी आली, मान खाली घातली आणि पुढचे दोन्ही पाय दुमडून त्याच्यासमोर बसली. बघणाऱ्याला वाटावं, काय शिकलेलं जनावर! मग तिची कातडी थरथरायला लागली, खांद्यापासून शेपटापर्यंत, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. आणि मागून धार लागली.

"वरातीत समदीच चुचकारत्यात," इलाही म्हणाला. "पोरंटोरं, म्हाताऱ्या, नवरीचा मामा. परवा भर चौकात नवरदेवासकट बसली. त्यो बिचारा तिच्या मानेवरनं फुडं आला, मुंडावळ्या लगामात. लोकं म्हनली, वा, घोडीनं नवरीच्या गावाला नमस्कार केला. समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. पर उठंल तर शप्पत."

"मग?"

इलाहीनं दाढी खाजवली. "बँडवाल्यानं ढोलाची काठी हाणली पाठीत. पट्‌दिशी उठली. आन् दिनकर, तुला सांगतो, खूश झाली. मार खाऊन खूश झाल्यालं जनावर मी न्हाई बघितलं कवा."

मी खूर खाली ठेवला. शेवंतीसमोर जाऊन उकिडवा बसलो. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. मी तो हात पाठीमागं नेला, तर तिची नजर खांद्यावरून हाताच्या मागे मागे गेली. ओठ वर करून पाहिलं. जिभेवर आडवा वण होता, काटेरी लगामाचा.

"कुणाच्या हातची हाय?"

"बाजारातनं घेतली. इकणारा म्हनला, जुन्या चाबूकस्वाराच्या हातची. नाव न्हाई सांगितलं."

नावाची गरज नव्हती. मी आडोशाला गेलो आणि सकाळची भाकरी ओकून टाकली. इलाही तांब्या घेऊन आला. "पित्त झालं का रं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "व्हय."

*

माझे वडील रंगराव घोडके. सगळे त्यांना आण्णा म्हणत. नीरेच्या दोन्ही काठांवर त्यांच्यासारखा चाबूकस्वार नव्हता. त्यांनी शिकवलेला घोडा धन्यावरची नजर काढायचा नाही. धनी डावीकडे गेला की घोड्याची मान डावीकडे. लोक म्हणत, किती जीव लावलाय जनावरानं.

आण्णांचं एक गुपित होतं आणि ते त्यांनी मला कौतुकानं सांगितलं होतं. बाकीचे चाबूकस्वार एका हातात गूळ धरतात आणि दुसऱ्या हातात चाबूक. जनावर हुशार असतं, त्याला दोन्ही हात ओळखू येतात. आण्णा गूळ आणि चाबूक एकाच हातानं द्यायचे. आधी चुचकारायचं. घोडा आला की तळहात पुढे करायचा. कधी त्यावर गूळ. कधी तोच हात फिरायचा.

"त्याला कळताच कामा नये, फुडं काय येनार," ते म्हणायचे. "न्हाई कळलं म्हंजे ते तुझ्याकडंच बघत ऱ्हातं. जन्मभर."

घरात पाहुणे आले की आण्णा मला हाक मारत. ये राजा. ये, ये. च्, च्, च्. मी आलो की तळहातावर गुळाचा खडा असायचा. तो हातानं घ्यायचा नाही, तोंडानं उचलायचा. आण्णांच्या तळहाताला घाम, घोड्याचे केस, तंबाखू. त्यातून ओठांनी खडा शोधायचा. "बघा आमचं शिंगरू," आण्णा म्हणत आणि पाहुणे हसत. कधी खडा नसायचाच. तेव्हा मी वाकलेलाच असायचो, त्यामुळे त्यांना हात फार उचलावा लागत नसे. पाहुणे तेव्हाही हसत. आई चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहायची. थापण्याचा आवाज तेवढ्यापुरता मोठा व्हायचा.

एवढं पुरे.

*

माझ्या कामाचं लोकांना फार कौतुक. काही म्हणतात मंत्र आहे. काही म्हणतात मी घोड्याच्या कानात बोलतो. मी घोड्याशी एक अक्षर बोलत नाही. चुचकारत नाही, थोपटत नाही, खायला हातानं देत नाही. मी करतो ते इतकं कंटाळवाणं आहे की बघायला आलेले लोक चहाला निघून जातात.

मी आवारात जातो. दोन्ही तळहात उघडे करून घोड्याला दाखवतो. हात रिकामे. मग त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसतो. रोज त्याच जागी. रोज आधी हात, मग पाठ, मग बसणं. क्रम कधी बदलत नाही. काही दिवसांनी घोडा येऊन मानेपाशी श्वास सोडतो. मग मी उठतो, चालतो आणि तो मागे येतो. दोरी नंतर. खोगीर त्याच्याही नंतर. पुढं काय येणार हे त्याला आधी ठाऊक असतं. बाकी काही नाही. मायेचा त्यात संबंध नाही. मला फक्त त्यानं माझ्या हाताकडे तसं बघायला नको असतं. ती नजर मला सहन होत नाही. घाणेरडं काही पायाखाली आल्यावर होतं तसं होतं.

शेवंतीला वेळ लागला. ती पाठीशी यायला लागली, तरी चुचकारण्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. वरातीत कुणाकुणाची तोंडं बांधणार? तिला तो आवाज ऐकवायचा आणि त्यानंतर काहीच होऊ द्यायचं नाही, गूळही नाही आणि मारही नाही, असं करणं भाग होतं. पण माझी जीभ टाळूला लागेना. मी प्रयत्न केला. कोरडी पडायची.

"मी करतो की," इलाही म्हणाला. "मला कुठं पित्त हाय?"

तो रोज दुपारी कुंपणाबाहेर बाज टाकून बसायचा, बिडी ओढायचा आणि मधेच चुचकारायचा. शेवंती बसायची. इलाही बिडी ओढत राहायचा. काहीच घडायचं नाही. ती कधीतरी आपली आपण उठायची, गोंधळलेली, पायाखालची पायरी कुणी काढून घेतल्यासारखी. असं चालत राहिलं. मग ती नुसती वाकायला लागली. मग नुसती मान खाली. थंडी पडली तेव्हा इलाही चुचकारायचा आणि शेवंती एक कान हलवून कडबा खात राहायची.

"आता माझंबी घरात कुणी ऐकत न्हाई," इलाही म्हणाला. "सवय लागलीय मला. सूनबाईला चुचकारलं काल. भाकरीच न्हाई दिली तिनं."

*

भैरोबाच्या जत्रेत आमच्याकडे घोड्यांचा बाजार भरतो. जत्रा कमिटीचे अध्यक्ष उत्तमतात्या. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, आणि इलाहीची घोडी बांधायची जागा त्यांच्या मालकीची. त्या वर्षी तात्यांनी ठरवलं की ज्येष्ठ चाबूकस्वार रंगराव घोडके यांचा जाहीर सत्कार करायचा.

मी आण्णांशी बोलत नव्हतो. लग्नानंतर काही वर्षांनी, दोन लेकरं झाल्यावर, मी वेगळी पागा घातली ती तीन गावं सोडून. आण्णांनी काम सोडलं, असं मी ऐकून होतो. शेवंतीच्या नजरेवरून कळलं की सोडलं नव्हतं.

जत्रेच्या तोंडावर तात्या माझ्या पागेत आले. इलाही होताच.

"इलाही, ही घोडी आण्णांच्या हातची हाय म्हणं," तात्या म्हणाले. "आण्णा म्हनत्यात, माझी घोडी मला आणून द्या. माझ्या पुतन्याच्या वरातीला नाचवून दावतो म्हनत्यात. कमिटी घील इकत. त्यांच्या सत्कारात त्यांच्याच हातात दावं दिऊ. म्हातारं मानूस, किती आनंद हुईल."

इलाही माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "घोडी न्हाई जायची आण्णांकडं."

"तुझी हाय का?"

"न्हाई."

"मग?" तात्या हसले. "आरं, बाप-ल्योकाचं भांडन तुमच्या घरात ठेवा. आन् इलाही, तुझ्या घोड्या कुनाच्या जागंत बांधल्यात, ते काय मी बोलून दावायचं का?"

इलाहीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यातून काहीतरी निघून गेलं. "तात्या," तो म्हणाला, "जनावराला इच्चारू की. मैदानात सोडू. दिनकर एका बाजूला, आण्णा एका बाजूला. ज्याच्या हाताला यील त्याची."

तात्यांना हे फार आवडलं. जत्रेत लोकांना बघायला काहीतरी हवंच होतं. "ठरलं," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी इलाहीला म्हणालो, "हे काय केलंस?"

"आरं, आता कुठं बसती ती? एक कान हलिवती फक्त." त्यानं बिडी पेटवली. "तुझ्यावर भरोसा हाय माझा."

*

मंडपावर कापडी फलक. त्यावर घोड्याचं चित्र आणि आण्णांचं. आण्णांचे डोळे घोड्याला काढल्यासारखे आणि घोड्याचे आण्णांना. नवं धोतर, कोट, गुलाबी फेटा. त्यांना शाल घातली, नारळ दिला आणि चांदीच्या मुठीचा एक चाबूक दिला. सन्मानचिन्ह म्हणून.

आण्णा माईकवर चांगलं बोलायचे. "घोड्याला मारून शिकवनारा चाबूकस्वार न्हवं," ते म्हणाले. "त्यो खाटीक. प्रेमानं शिकवावं लागतं. माझं पोरगं दिनकर. त्याचं आज नाव हाय. लोकं म्हनत्यात, मारत न्हाई. कुठनं शिकला? आमच्याच हाताखाली शिकला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी वळून माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मला वाटलं, माझं अंग कुणीतरी चाटतंय.

मग मैदान मोकळं केलं. इलाहीनं शेवंतीला मधोमध आणून दावं काढलं. एका टोकाला आण्णा, एका हातात देवाच्या प्रसादाचा गूळ, काखेत चाबूक. दुसऱ्या टोकाला मी. मी तळहात उघडून तिला दाखवले आणि पाठ करून मातीत बसलो. लोक हसले. "आरं, घोडी बोलवायला आलास का पाठ दावायला?" कुणीतरी ओरडलं.

मला खुरांचा आवाज आला. ती माझ्याकडे येत होती. घाई नाही, चाल सैल. जवळ. अगदी जवळ. माझ्या मानेवर तिचा श्वास आला, ओला, कडब्याचा. इलाही कुठूनतरी आनंदानं ओरडला, "या अल्ला, आली की!"

तेव्हा आण्णांनी चुचकारलं.

इलाहीचं चुचकारणं वेगळं होतं. बिडीवाल्या माणसाचं, दोन दात पडलेल्या तोंडाचं. आण्णांचं कोरडं, मोजकं. तीन वेळा. तिसऱ्यानंतर थोडी जागा. त्या जागेत काय येणार ते कळत नाही.

मी उभा होतो. केव्हा उठलो मला माहीत नाही. वळलो होतो आणि आण्णांच्या दिशेनं पाऊल टाकलं होतं, मान पुढे, ओठ किंचित उघडे. माझ्या शेजारी शेवंती वळली होती. तिनंही पाऊल टाकलं होतं. आम्ही दोघंही त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो.

मी थांबलो. कशानं थांबलो ते माहीत नाही. ती थांबली नाही.

लोकांना शेवंतीच दिसत होती. ती झपाझप आण्णांकडे गेली, त्यांच्या तळहातावरचा गूळ ओठांनी उचलला आणि पाय दुमडून बसली. मैदान उसळलं. फेटे उडाले. तात्या माईकवर ओरडले, "बघा, बघा! गुरूला वळखलं!"

आण्णा हात वर करून उभे होते. मग ते तिला म्हणाले, "ऊठ राजा." ती उठली नाही. आण्णांनी पुन्हा चुचकारलं. तिनं मान आणखी खाली घातली, नाकपुडीनं माती उडाली. कातडी थरथरायला लागली. तिच्या मागून धार लागली, उतारानं आण्णांच्या पायाशी आली आणि नव्या धोतराचा काठ भिजत गेला. वास माझ्यापर्यंत आला.

"उठवा की आण्णा!"

"झोपली काय?"

"पांघरून घाला आता!"

आण्णा हसत होते. हसू चेहऱ्यावर कुणी खिळ्यानं ठोकल्यासारखं. ती का उठत नाही, हे त्या अख्ख्या मैदानात फक्त आण्णांना आणि मला ठाऊक होतं. तिला अजून मिळायचं राहिलं होतं. गूळ मिळाला होता; दुसरं मिळेपर्यंत काहीच पुरं होत नाही. मला तिची पाठ माहीत होती. आतून माहीत होती. मार सोपा असतो. त्याच्या आधीची जागा, जिथं काहीच येत नाही आणि येणार असतं, ती सहन होत नाही. आणि मी मनात काय म्हणत होतो? म्हणत होतो, मारा. आण्णा, मारा एकदाचं.

आण्णांनी काखेतला चाबूक काढला आणि तिच्या पाठीवर ओढला. फार जोरात नाही. सवयीनं.

शेवंती उसळून उठली. अंग झाडलं, जोरात फुरफुरली, मान वर घेतली. तिच्या डोळ्यांतलं सगळं निवळलं होतं. जीव भांड्यात पडलेला होता तिचा. ती हलकी, तरुण, सुंदर दिसत होती. ती खूश होती.

तिला मारल्याचं कुणाला तरी काही वाटेल म्हणून मी वाट बघत होतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एक बाई लेकराला उंच धरून दाखवत होती. तात्या माईकवर म्हणाले, "ह्याला म्हनत्यात हात!" मी माझ्या फेट्याचा शेमला तोंडाशी धरला आणि मंडपाच्या खांबामागे गेलो.

*

परत आलो तेव्हा तात्यांनी इलाहीच्या हातावर आपलं उपरणं टाकलं होतं. बाजारात जनावराचा सौदा उपरण्याखाली होतो, बोटांनी. वरून काहीच दिसत नाही, तोंडानं काहीच बोलत नाहीत. मागणारा बोटं दाबतो, देणारा बोटं दाबतो, आणि जमलं की उपरणं निघतं.

या वेळी निघत नव्हतं. उपरण्याखाली काहीतरी खसफस चालली होती. तात्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. मग माझ्या लक्षात आलं. इलाहीनं मूठ मिटली होती. तात्या ती उघडायला बघत होते आणि इलाही उघडू देत नव्हता. वर दोघंही हसत होते.

"इलाही," तात्या दातांतून म्हणाले, "शब्द दिलास. ज्याच्या हाताला यील त्याची."

"दिला की तात्या." इलाही आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "आली की आण्णांच्या हाताला. न्हाई कोन म्हनतं? पर उठली चाबकाला. हाताला न्हाई उठली. आन् चाबूक कुनाचा? कमिटीचा. मग घोडी कुनाची झाली? कमिटीची म्हना, आण्णांची कशी? आन् कमिटीला काय वरातीत बसवायचं हाय का?"

लोक खो-खो हसले. तात्यांनाही हसावं लागलं. चारचौघांत दुसरं काय करणार? इलाहीनं मूठ बाहेर काढली. बोटांच्या पेरांवर तात्यांच्या नखांचे वळ होते. त्यानं दावं शेवंतीच्या गळ्यात टाकलं.

जाता जाता तो माझ्यापाशी थांबला. हसत नव्हता. "खूश झाली रं ती," तो म्हणाला. "मी बघितलं. मार खाऊन खूश झाली. तवाबी बघितलं हुतं, पर तवा मला कळलं न्हाई."

"तू बी फुडं गेलास," तो म्हणाला. "त्येबी बघितलं."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. इलाहीला कळत होतं.

*

आण्णा मंडपामागे एकटे बसले होते, ओलं धोतर पिळत. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"आलास," ते म्हणाले. "मला वाटलंच, येशील."

"आण्णा, आता घोडी शिकवू नका."

"का? बघितलं न्हाईस? मार पडल्यावर कशी हलकी झाली."

"बघितलं."

"तुला बी कळतं त्ये."

"कळतं."

"मग?"

"म्हणूनच."

आण्णा हसले. कोटाच्या खिशातून उरलेला प्रसाद काढला. तळहातावर ठेवला. चुचकारलं. तीन वेळा, आणि मग ती जागा.

तोंडाला पाणी सुटलं. मी पळालो नाही आणि पुढेही गेलो नाही. त्यांच्या हाताकडे बघत उभा राहिलो. ऊन होतं. बराच वेळ गेला. आण्णा हात मागे घेईनात. त्यांचाही एक क्रम होता आणि मी आल्याशिवाय त्यांनाही तो पुरा करता येत नव्हता. गूळ घामानं पाघळायला लागला. त्यावर माश्या बसल्या. तपकिरी ओघळ मनगटावरून बाहीत गेला. आण्णांचा हात हळूहळू खाली यायला लागला, आधी बोटं, मग कोपर.

शेवटी त्यांनी तो शालीला पुसला.

*

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की मुक्या जनावरानं गुरूला वंदन केलं आणि उपस्थितांचे डोळे पाणावले. फोटोत शेवंती बसलेली आहे. मी कोपऱ्यात, अर्धा कापलेला.

तात्यांनी इलाहीची जागा काढून घेतली. त्यानं घोड्या माझ्या कुंपणात आणून बांधल्या आणि बाज टाकून बसला. शेवंतीचं सगळं पहिल्यापासून करावं लागलं. हात, पाठ, बसणं. इलाही बिडी ओढायचा आणि चुचकारायचा. एका दुपारी मीही करून बघितलं. आवाज निघाला. ती बसली नाही. मी ओकलो नाही.

पुढे ती पुष्कळ वर्षं वरातीत चालली. पोरं, म्हाताऱ्या, नवरीचा मामा, सगळे चुचकारायचे. ती सरळ पुढे बघून चालायची. लोक इलाहीला म्हणायचे, "घोडी भैरी हाय का हो?" इलाही म्हणायचा, "व्हय. लई औषिद केलं तवा झाली."

आण्णांनी मला शेवटचं मारलं तेव्हा मी दोन लेकरांचा बाप होतो.